अस्वलाचं व्हाउचर

निवृत्त ऑडिटर घरात असणं किती धोक्याचं असतं, हे बायकोला पहिल्याच महिन्याच्या किराणा बिलात कळलं. तूरडाळीच्या भावात बारीक तफावत दिसली म्हणून मी वाण्याकडं मागच्या पावत्या मागितल्या आणि त्यानं घरपोच सामान पाठवणं बंद केलं. तेव्हा भाच्यानं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश उघडून दिला.

"मामा, इथं कुणीही लिहू शकतं," तो म्हणाला, "आणि कुणीही कुणालाही पुरावा मागू शकतं."

दुसऱ्या वाक्याला माझे डोळे लकाकले, असं बायको सांगते. तिच्या विधानाला स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही.

या ज्ञानकोशात कच्चं लिहायला 'धूळपाटी' असते, भांडायला 'चावडी' असते आणि भांडणं निस्तरायला 'प्रचालक' असतात. मला मात्र एकच गोष्ट मनापासून आवडली. कुठल्याही वाक्याच्या शेपटाला 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी चिकटवता येते. आयुष्यभर मी पानंच्या पानं ऑडिट पॅरे लिहिले, ते साहेबांच्या कपाटात गेले. इथं दोन शब्द लिहिले की जगभरच्या मराठी माणसाला दिसतात! केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले ते लिहिण्याच्या ध्यासानं. माझा ध्यास विचारण्याचा होता.

एका दुपारी 'अविशिष्ट लेख' या कळीवर बोट पडलं आणि डॅनियल बून समोर आला. अमेरिकेतल्या केंटकीचा आद्य वसाहतकार. नोंद आटोपशीर आणि भारदस्त होती: त्यानं केंटकीचा शोध लावला, तो रकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घालायचा, तरुणपणी त्यानं अस्वल मारलं आणि तसं झाडावर कोरून ठेवलं. खाली संदर्भ शून्य. एवढा खर्च आणि एकही व्हाउचर नाही, असं खातं बऱ्याच दिवसांत हाती लागलं नव्हतं. मी चहा मागवला.

सुरुवात जन्मतारखेपासून केली, कारण तिथं दोन सदस्यांची आधीच जुंपलेली होती. एक 22 ऑक्टोबर 1734 लिहायचा, दुसरा ते उलटवून 2 नोव्हेंबर करायचा. दोघंही बरोबर होते. इंग्लंडनं आणि त्याच्या वसाहतींनी 1752 मध्ये नवी दिनदर्शिका घेतली तेव्हा मधले 11 दिवस गाळले. बून स्वतः शेवटपर्यंत जुनीच तारीख सांगत राहिला. मी चावडीवर जाऊन या 11 दिवसांवर सविस्तर टिपण लिहिलं, त्यात व्याजआकारणीचा मुद्दाही घातला. कुणी उत्तर दिलं नाही. ते मी सहमती समजलो.

मग 'शोध लावला'. शॉनी आणि चेरोकी लोक तिथं पिढ्यान् पिढ्या शिकार करत होते, त्यामुळं हरवलेलं काही नव्हतंच. गोऱ्यांपुरतं बोलायचं तर थॉमस वॉकर 1750 मध्येच कंबरलँड खिंडीतून पलीकडं जाऊन आला होता, आणि जेम्स हॅरॉडच्या माणसांनी 1774 मध्ये हॅरॉड्सबर्गची वसाहत मांडली होती. बूनचं बून्सबरो त्यानंतरचं, 1775 चं. त्या वर्षी खिंडीतून रस्ता पाडणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या होता, हे मात्र पक्कं. मी 'शोध लावला' खोडून 'रस्ता पाडला' असं केलं. आपल्याकडं 'पहिला' या विशेषणाशिवाय चरित्र सुरूच होत नाही, त्यामुळं एका सदस्यानं माझ्या चर्चापानावर येऊन मी थोर पुरुषांचा द्वेष्टा असल्याचं नोंदवलं. तारीखवार नोंद असल्यानं मला ती आवडली.

टोपीचं प्रकरण सोपं निघालं. बून फेल्टची हॅट घालायचा. फेस पार्कर नावाच्या नटानं आधी डिस्नेच्या मालिकेत डेव्ही क्रॉकेट हा वेगळाच वीर रंगवला होता, कातड्याच्या टोपीसकट. पुढं 1964 ते 1970 या काळात तोच नट टीव्हीवर डॅनियल बून झाला आणि टोपीही बरोबर आली. मूळ मालक एक, ताबा दुसऱ्याकडं. असले आक्षेप मी झोपेतही लिहू शकतो.

अस्वलानं मात्र दमवलं. टेनेसीत एक बीचचं झाड होतं. डी. बूननं 1760 मध्ये इथं अस्वल मारलं, असं त्याच्या सालीवर अशुद्ध इंग्रजीत कोरलेलं होतं. झाड 1916 मध्ये पडलं, तोवर लोक लांबून बघायला यायचे. तज्ज्ञांची शंका अशी की बून आपल्या आडनावाच्या शेवटी 'ई' लिहायचा आणि झाडावर ती नाही. त्याचं बाकीचं स्पेलिंग यथातथाच होतं, पण स्वतःची सही माणूस सांभाळतो. पगारपत्रकावर अंगठा उठवणारेही अंगठा आपलाच उठवतात. मी कागद पुढं करून बायकोला म्हणालो, "हे बघ, सही जुळत नाही."

"अस्वल मेलं ना पण?" ती म्हणाली. "मग कुणी का मारेना."

या सगळ्या गोष्टी येतात कुठून म्हणून मी उलटा माग काढत गेलो. आजच्या लेखांमागं शाळेची पुस्तकं, त्यांमागं टिमथी फ्लिंटचं 1833 चं चरित्र. त्यात बून अस्वलाशी हातघाईची झुंज घेतो आणि वेलीला लटकून शत्रूच्या तावडीतून निसटतो. फ्लिंट हे धर्मोपदेशक होते, बूनला प्रत्यक्ष भेटलेले होते, तरी वेल त्यांना आवरली नाही. आणि सगळ्यांच्या मागं जॉन फिल्सन. या शिक्षकानं 1784 मध्ये केंटकीवर पुस्तक काढलं आणि त्याला बूनची कहाणी जोडली, तीही 'मी' करून, जणू बूननंच सांगितलेली. भाषा अशी की ती जंगलात हयात घालवलेल्या शिकाऱ्याच्या तोंडची असेल तर मी रघुवंशाचा कर्ता. या फिल्सनकडं केंटकीत हजारो एकर जमिनीचे दावे होते. प्रांताची कीर्ती वाढली की भाव वाढणार. थोडक्यात, साऱ्या जगाला ठाऊक असलेला बून हा मुळात प्लॉटच्या जाहिरातीचा भाग होता.

पुस्तकाच्या आरंभी ते विश्वासार्ह असल्याचं प्रमाणपत्र आहे, त्यावर तिघांच्या सह्या. एक जेम्स हॅरॉडची. आणि एक खुद्द बूनची! ज्याच्या नावावर खर्च टाकला, त्यानंच बिल मंजूर केलेलं. खुर्चीतून उठून मी घरात एक फेरी मारली. इतका निर्मळ आनंद मला मुलाच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता, आणि हे मी मुलाला सांगितलं, ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

याच ओघात बूनविषयी मला पहिल्यांदा माया वाटली. अस्वलं, शॉनींची कैद, बून्सबरोला पडलेला 1778 चा वेढा, स्वतःच्याच लोकांनी चालवलेला आणि निर्दोष सुटलेला लष्करी खटला, या सगळ्यातून तो वाचला. त्याचा घात केला कागदांनी. केंटकीत एकाच तुकड्यावर चार-चार दावे पडायचे. बून दुसऱ्यांच्या जमिनी मोजून द्यायचा आणि स्वतःच्या दाव्यांची कागदपत्रं अर्धवट ठेवायचा. होतं ते सगळं गेलं. 1799 मध्ये तो मिसूरीत, म्हणजे तेव्हाच्या स्पेनच्या मुलखात गेला. तिथं जमीन मिळाली, तिचीही पूर्तता केली नाही. अमेरिकेनं तो मुलूख घेतल्यावर दावा फेटाळला गेला. 1814 मध्ये काँग्रेसनं थोडी जमीन परत दिली, ती बहुतेक देणेकऱ्यांत संपली. तेव्हा माझ्यासारखा एखादा माणूस शेजारी राहायला असता, तर... तर त्यानं कदाचित आणखी पश्चिमेला मुक्काम हलवला असता.

माझं खरं दैवत मात्र पुढंच भेटलं. लायमन ड्रेपर. या गृहस्थानं सीमेवरच्या वीरांची चरित्रं लिहायची ठरवलं आणि त्यासाठी गावोगाव हिंडून म्हाताऱ्यांना प्रश्न विचारले, पत्रं गोळा केली, नकला केल्या. 1851 मध्ये बूनचा धाकटा मुलगा नेथन आणि सून ऑलिव्ह यांना समोर बसवून त्यानं सगळं काढून घेतलं. विस्कॉन्सिनच्या इतिहाससंस्थेत त्याच्या संग्रहाचे 500 च्या आसपास खंड आहेत. आणि बूनचं चरित्र? तपासायचं काहीतरी कायम उरत गेलं. 1891 मध्ये ड्रेपर वारला, हस्तलिखित छापून आलं 1998 मध्ये, आणि ते 1778 च्या वेढ्यापाशीच थांबतं. बून त्यानंतर 42 वर्षं जगला. मी हे बायकोला अभिमानानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांच्या बायकोचं नाव दिलंय का कुठं?"

शेवटी राहिली समाधी. बून 1820 मध्ये मिसूरीत वारला, बायको रेबेका आधीच 1813 मध्ये गेली होती, तिच्याजवळ त्याला पुरलं. 1845 मध्ये केंटकीच्या मंडळींनी दोघांच्या अस्थी उकरून फ्रँकफर्टला नेल्या आणि वर स्मारक बांधलं. मिसूरीकर म्हणतात, त्यांनी चुकीचा खड्डा खणला. त्या वेळी कवटीचा प्लास्टरचा ठसा घेतलेला होता. 1983 मध्ये एका न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञानं तो तपासला आणि ही कवटी कृष्णवर्णीय माणसाची असू शकते असं सांगितलं. इतरांना ते मान्य नाही. बूनकडं गुलाम होते, हे मात्र करनोंदींत आहे. आमच्या नोंदीत त्यांच्याबद्दल अक्षर नव्हतं. स्मारकाखाली कुणास ठाऊक कोण निजलंय, पण गुलामांचं वाक्य मी घातलं, आणि पूर्ण नोंदीत पक्क्या पुराव्याचं असं ते एकमेव ठळक वाक्य ठरलं. कारण उघड होतं. माणूस मालमत्तेत धरला की त्याची पावती फाडतात.

इतकं झाल्यावर नोंद छान बारीक झाली. जन्म (दोन तारखांसह), रस्ता, कर्ज, मृत्यू, दोन थडगी. मी झोपलो. सकाळी टोपी परत आली होती, अस्वल परत आलं होतं, आणि दोघांनाही संदर्भ जोडलेला होता! एका मराठी ब्लॉगचा. धावत जाऊन ब्लॉग वाचला. मजकूर ओळखीचा वाटला. आमच्याच नोंदीची जुनी आवृत्ती होती ती, उचललेली. खूण अशी की 'अस्वला'तला एक काना मी दुरुस्त केला होता, तो दुरुस्त काना तिथं दिमाखात उभा होता. ज्ञानकोशावरून ब्लॉग, ब्लॉगवरून ज्ञानकोश. मी प्रचालकांकडं दाद मागितली. प्रचालक कॉलेजातला मुलगा होता, त्याची परीक्षा होती.

तर या मनःस्थितीत मला बायकोच्या माहेरच्या कुलसंमेलनाला नेण्यात आलं. मंगल कार्यालय, गळ्यात नावाचे बिल्ले, आणि नव्या कुलवृत्तांताचं प्रकाशन. बायकोच्या काकांनी व्यासपीठावरून मूळपुरुषाची कथा सांगितली: कोकणातून पोथी आणि तांब्या घेऊन निघाला, कुंभार्ली घाटात वाघ आडवा आला, हातातल्या तांब्यानं त्याला लोळवलं, श्रीमंतांच्या कानावर गेलं, श्रीमंतांनी इनाम दिलं. टाळ्या पडल्या. माझा हात वर गेला. मी तो वर नेला नाही, गेला.

"श्रीमंत म्हणजे कितवे?"

"श्रीमंत म्हणजे श्रीमंत, जावईबापू."

"सनद?"

"पानशेतच्या पुरात गेली."

पुण्यातल्या निम्म्या सनदा 1961 च्या त्या पुरात गेल्यात आणि उरलेल्या वाळवीनं खाल्ल्यात. मुठेला एवढ्या सनदा पेलल्या कशा, हा जलसंपदा खात्याचा विषय आहे. मी म्हटलं, घाटात पाहिलं कुणी? वाघ बोलला नसणार. म्हणजे सांगणारा मूळपुरुष एकटाच, आणि प्रमाणपत्रावर सहीही त्याचीच. मग मी त्यांना फिल्सन समजावून सांगितला. तो सांगताना वेळेचं भान राहिलं नाही.

"पुरावा हवाय ना?" काका कडाडले. "अरे, तो तांब्या आणा!"

देवघरातला तांब्या रेशमी वस्त्रात गुंडाळून आणलेलाच होता, दर्शनासाठी. मी चष्मा लावला, तांब्या उपडा केला. बुडाशी नाव घातलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी, भांडीवाल्याच्या यंत्राचं: 'चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट', आणि खाली 1957. मी ते मोठ्यानं वाचलं. माईक माझ्या हातातच होता.

पंगतीत मला जिलबी पोचली नाही. रिक्षात बायको खिडकीच्या बाजूला तोंड करून बसली. रिक्षाला खिडकी नसते, तरीही.

दिवाळीच्या आसपास कुलवृत्तांताची सुधारित आवृत्ती घरी आली. मूळपुरुष, घाट, वाघ, तांब्या, श्रीमंत, सगळे जागच्या जागी. फक्त खाली बारीक अक्षरांत एक तळटीप वाढली होती: 'सदर तांब्याची प्रत्यक्ष तपासणी आमचे जावई, निवृत्त ऑडिटर, यांनी भर सभेत केली आहे.'

मी आक्षेपाचं पत्र लिहायला बसलो. बायकोनं टीप पुन्हा वाचली आणि विचारलं, यातलं खोटं काय आहे? मी शोधलं. शब्दन् शब्द खरा होता.

नंतर भाच्याचा फोन आला. ज्ञानकोशात त्या मूळपुरुषावर नवीन नोंद झाली आहे म्हणे. वाघासह. वाघाच्या वाक्याला संदर्भ आहे, कुलवृत्तांत, सुधारित आवृत्ती, तळटीप, पृष्ठ क्रमांकासकट. "मामा, एकदम पक्का संदर्भ आहे," तो म्हणाला, "प्रचालकांनी लगेच मान्य केला."