यक्षाच्या हातावरची सही

आपले जुने कलावंत कामावर नाव घालत नसत, अहंकार त्यांनी देवापाशी ठेवला होता, असं व्यासपीठावरून कुणी म्हटलं की हमखास टाळ्या पडतात. ते खरं नाही.

पितळखोऱ्याच्या लेण्यातला बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय: कण्हदास सोनाराने हा घडवला. दगड फोडतानाही गडी आपला धंदा सांगायला विसरला नाही. कर्जतजवळच्या कोंडाण्याला चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर बलकाचं नाव आहे, तेही गुरूच्या नावासकट: कण्हाचा शिष्य बलक. सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या या सह्या आहेत. कोणी म्हणावं यांना अहंकारी?

अजिंठ्याच्या भिंती रंगवणारे आपल्याला ठाऊक नाहीत. पण सोळावं लेणं कोणी करवून घेतलं, ते नीट ठाऊक आहे: वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. त्याचा लेख आजही तिथे आहे. म्हणजे नाव कोरायला कुणाची ना नव्हती. खर्च करणाऱ्याचं राहिलं, राबणाऱ्याचं गेलं, आणि त्या गेलेल्या नावाला आपण विनम्रता म्हणून मोकळे झालो.

वारली चित्रांची गोष्ट निराळी. लग्नघरात तांदळाच्या पिठाने चौक लिहिणाऱ्या सवाशिणींना सही लागत नव्हती; चौक कुणाच्या हातचा, हे अख्ख्या पाड्याला माहीत असे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी ते चित्र कागदावर, कापडावर आणलं, ते पाड्याबाहेर गेलं, आणि तिथे नावावाचून ओळख उरत नाही. आज कुडत्यांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर वारली माणसं नाचतात. खाली लिहिलेलं असतं ‘वारली आर्ट’. काढलं कोणी? जमातीचं नाव घातलं म्हणजे चित्र काढणाऱ्या बाईचं ऋण फिटत नाही. भौगोलिक मानांकनही कलेला आहे, तिला नाही.

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यात ‘दलाल’ दिसलं की घरातली पोरंसुद्धा चित्रकार ओळखत. मुळगावकरांचंही तसंच. आज तोच कोपरा कापून चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं जातं, वर स्वतःच्या दुकानाचा शिक्का मारून. ही चोरी आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी ‘हे माझं’ म्हणण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. याच कलमाच्या जोरावर शिल्पकार अमरनाथ सहगल सरकारशी भांडले. विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प १९७९मध्ये उखडलं गेलं होतं. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देवविले.

तेव्हा चित्रकारांनो, सही करा, आणि जपून करा. रंग ओला असतानाच करा, म्हणजे ती चित्रात मुरते. वाळलेल्या वार्निशावर मागाहून घातलेली सही जाणकाराला भिंगाखाली वेगळी दिसते. चित्रकार गायतोंडे कॅनव्हासच्या मागे सही करत, समोरचा अवकाश मोकळा राही. पटत असेल तर तसं करा, पण मग फोटो देताना नाव सोबत द्या. आणि पुढच्या बाजूला करणार असाल तर कडेला नको, आकृतीला चिकटून करा, म्हणजे ती कापायची तर आधी चित्र कापावं लागेल.