वीस हजारांची सूट कुणाच्या खिशातून?

जालन्यात दसरा-दिवाळीला गाडी बघायला गेलेल्या कुणालाही शोरूमचे दोन भाव माहीत आहेत. पैसे एकदम भरले तर किंमत पूर्ण, फायनान्स केलं तर वीस हजार कमी. मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या याच्या उलट चालत आलं: रोखीला सवलत आणि उधारीला चढा भाव. शोरूममध्ये मात्र पूर्ण पैसे घेऊन आलेल्या माणसाला गाडी महाग पडते आणि कर्ज काढणाऱ्याला स्वस्त. हा उलटा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याची किंमत आपणच मोजतो.

शोरूमवाला एकाच टेबलावर दोन माल विकतो. पहिला माल म्हणजे गाडी. तिच्यात त्याला सुटणारा पैसा फार नसतो. शेजारच्या शहरातला विक्रेता तीच गाडी विकत असतो आणि गिऱ्हाईक दोन्हीकडची कोटेशनं खिशात घेऊनच आलेलं असतं. शिवाय अंगणात उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक वेळा त्यानेही कर्जावरच उचललेल्या असतात. गाडी जितके दिवस उभी, तितके दिवस त्याचं व्याज चालू. महिनाअखेरीला, कंपनीचं टार्गेट अपुरं असताना, सूट अचानक वाढते ती यामुळे.

दुसरा माल म्हणजे तुमचं कर्ज. बँकेला किंवा फायनान्स कंपनीला पाच वर्षं व्याज देणारं गिऱ्हाईक आयतं मिळवून दिलं की ती शोरूमला मोबदला देते. धंद्यात त्याला पे-आउट म्हणतात. जितकं कर्ज मोठं, तितका पे-आउट मोठा. काही वेळा गाडी बनवणारी कंपनीही आपल्या वाट्याची रक्कम त्यात घालते. त्या पैशांतला एक तुकडा तुम्हाला सूट म्हणून मिळतो आणि उरलेला टेबलापलीकडे राहतो. तुम्ही पैसे एकदम भरले तर पे-आउट येत नाही, म्हणून सूटही नाही. विम्याचंही असंच आहे. ‘आमच्याकडूनच विमा घ्या, तरच स्कीम’ असं सांगितलं जातं, पण विमा कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गाडीमालकाचा आहे.

पे-आउट घेण्यात बेकायदा काही नाही. दुकानदाराने कमिशन घेऊ नये, असंही माझं म्हणणं नाही. माझा राग लपवाछपवीवर आहे. गाडीचा दर ऑन-रोड कोटेशनवर रुपयापर्यंत लिहिलेला असतो. माझ्या कर्जावर शोरूमला किती मिळालं, हे मात्र त्यावर नसतं. ज्या पैशांचं व्याज मी फेडणार, त्यातून कुणाला काय गेलं हे मला कळलंच पाहिजे.

आता आकडे मांडू. सहा लाखांचं कर्ज, मुदत पाच वर्षं. तुमची नेहमीची बँक ९ टक्क्यांनी देते, शोरूमचा माणूस साडेदहा टक्क्यांचं कर्ज पुढे करतो आणि वर वीस हजारांची सूट देतो. ९ टक्क्यांनी हप्ता पडतो १२,४५५ रुपये आणि साडेदहाने १२,८९६. महिन्याला ४४१ रुपयांचा फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. साठ महिन्यांत तो २६ हजारांवर जातो. म्हणजे सूट वीस हजारांची आणि ती मिळवायला मोजले सव्वीस हजार. प्रोसेसिंग फी वेगळीच. हेच कर्ज दोन्हीकडे ९ टक्क्यांनी मिळत असेल आणि आकार सारखे असतील, तर सूट जरूर घ्या. तिथे ती खरी आहे.

आपल्या जिल्ह्यात मात्र एक वेगळं गिऱ्हाईक आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. समृद्धी महामार्ग बदनापूर आणि जालना तालुक्यांतून गेला. ज्यांची जमीन गेली त्यांच्या खात्यात एकरकमी मोबदला आला. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाच्या भूसंपादनाचा पैसाही याच वाटेने येणार. आयुष्यात एकदाच आलेली ही रक्कम. असा शेतकरी पूर्ण पैसे घेऊन शोरूममध्ये जातो, तेव्हा त्याला सांगितलं जातं, ‘काका, सगळे पैसे कशाला अडकवता? सहा लाखांची एफडी करा, गाडी कर्जावर घ्या. पाच वर्षांत एफडीवर सव्वादोन लाख सुटतील. कर्जाचं व्याज पावणेदोन लाखच. वर सूट!’

कागदावर दोन्ही आकडे बरोबर आहेत. साडेसहा टक्क्यांनी सहा लाखांवर पाच वर्षांत सुमारे २ लाख २८ हजार व्याज होतं आणि साडेदहा टक्क्यांच्या कर्जावर सुमारे १ लाख ७४ हजार. साडेसहाने ठेवून साडेदहाने घेतल्यावर फायदा कसा होईल, असं मनात येतं, पण समोरच्या कागदावर तर तो दिसतो. फसगत इथे आहे: एफडीला पाच वर्षं हात लावायचा नाही, हे त्या हिशेबात धरलेलं आहे. मग दर महिन्याचे १२,८९६ रुपये कुठून येणार? कापसाच्या, सोयाबीनच्या, मोसंबीच्या पैशांतून, किंवा मुलाच्या पगारातून. तो पैसाही साठवला असता तर त्यावरही व्याज आलंच असतं. ते हिशेबात कुणी धरत नाही.

खरा ताळा असा. सहा लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवा आणि त्यातूनच दर महिन्याला हप्ता काढा. ५४व्या हप्त्याला पैसे अपुरे पडतात आणि पुढचे सहा हप्ते, म्हणजे सुमारे ७७ हजार रुपये, पदरचे घालावे लागतात. सुटीचे वीस हजार पहिल्याच दिवशी त्यात टाकले तरी ५६व्या हप्त्याला खातं रिकामं होतं. एफडीच्या व्याजावर कर लागत असेल तर ते त्याच्याही आधी. ज्या घराची जमीन गेली, त्या घराला असा अर्धा हिशेब दाखवणं मला अक्षम्य वाटतं.

काही जण म्हणतात, सूट घेऊ आणि सहा महिन्यांत कर्ज फेडून टाकू. वाट चांगली आहे, पण आधी कागद वाचा. गाड्यांची कर्जं अनेक ठिकाणी स्थिर दराची असतात आणि मुदतीआधी बंद करायला आकार लागतो. वरच्याच कर्जात सहा हप्त्यांनंतर साडेपाच लाखांच्या वर मुद्दल शिल्लक राहतं. आकार ५ टक्के असेल तर २७ हजारांहून जास्त गेले. तोवर तीस हजारांचं व्याज भरून झालेलं असतं. फेडल्यावर एनओसी आणायची, आरटीओत जाऊन आरसीवरची एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवायची, हा हेलपाटा राहतोच. एमएच-२१ च्या कितीतरी गाड्यांचं कर्ज फिटलं, पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच आहे. गाडी विकायला काढली की मग धावपळ होते.

फ्लॅट व्याजाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण जुन्या गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या व्यवहारात ते अजून ऐकू येतं. ‘फक्त ६ टक्के फ्लॅट.’ सहा लाखांवर पाच वर्षांचं व्याज १ लाख ८० हजार, महिन्याचा हप्ता १३ हजार. पण हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जातं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण सहा लाखांवर. घटत्या शिलकेने मोजलं तर हाच दर पावणेअकरा टक्क्यांच्या पुढे जातो. भोकरदन, घनसावंगी, मंठ्याच्या शेतकऱ्याला कार एकदा घ्यायची असते, पण ट्रॅक्टरवर त्याचा सगळा हंगाम चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातला खरीप वाहून गेला. ट्रॅक्टर स्वस्त झाला तेव्हा हप्ता भरायचं पीक पाण्यात होतं. ट्रॅक्टरचा हप्ता बहुधा सहामाही, पिकाच्या हिशेबाने ठरतो. पीक गेलं म्हणून तो आपोआप माफ होत नाही.

रिझर्व्ह बँकेने या खेळावर बोट आधीच ठेवलं आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने बँकांना बजावलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. विक्रेता किंवा कंपनी सवलत देत असेल तर ती व्याजदरात न मिसळता ग्राहकाला किमतीत दाखवा. त्याहून कामाचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना लागू आहे. कर्ज देणाऱ्याने आधी एक तथ्यपत्रक द्यायचं, ज्याला केएफएस म्हणतात. त्यात व्याज आणि सगळे आकार मिळून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असला पाहिजे. त्या पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, म्हणजे आपल्याकडे मराठीत. आणि गाडीच्या कर्जासाठी ते किमान तीन कामकाजाचे दिवस ग्राह्य धरावं लागतं. ‘स्कीम आज संध्याकाळपर्यंतच’ असं दटावलं तर शोरूमची सूट फार तर जाईल. पत्रकातल्या कर्जाच्या अटी तीन दिवस कुठे जात नाहीत.

या नियमात एक भोक राहिलंय. पे-आउट किती दिला, हे त्या पत्रकात ठळकपणे सांगण्याची सक्ती नाही. ती झाली पाहिजे. विक्रेत्याला मिळालेली रक्कम कर्जदाराच्या कागदावर एका ओळीत छापायला बँकेचं काहीही बिघडत नाही.

तोवर जिल्ह्यात एवढं करता येईल. बँक ऑफ महाराष्ट्र ही जालन्याची अग्रणी बँक आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची बैठक होत असते. प्रत्येक शोरूममधल्या फायनान्सच्या टेबलावर मराठी तथ्यपत्रक मिळतं की नाही, हे त्या बैठकीत विचारलं जावं. भूसंपादनाचा मोबदला देताना एफडी आणि हप्त्याचा पूर्ण हिशेब समजावणारा एक माणूस बसवावा.

आणि गाडी घेणाऱ्यांनो, गाडीचा भाव आणि कर्जाचा दर वेगवेगळ्या कागदांवर लिहून मागा. आपल्या बँकेत जाऊन दुसरा दर घ्या. एपीआर शेजारी शेजारी ठेवा, मगच सही करा. बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८. तक्रारीला पैसे लागत नाहीत.