कोरीटचा स्तंभ हिरवा झाला

नंदुरबार जिल्ह्याला आकड्यांचं वावडं आहे, असं कुणी म्हणू नये. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांत नंदुरबार आलं आणि ४९ निर्देशांकांवर जिल्ह्याची प्रगती डॅशबोर्डावर दिसू लागली. त्यात नवजात बाळाचं वजन आहे, लसीकरण आहे, शाळेतली वीज आहे. पण बाळाचं वजन करायला काटा लागतो आणि सातपुड्यातल्या पाड्यापर्यंत चालत जाणारं माणूस लागतं. फायली मोजायला एक सामायिक फोल्डर पुरतं.

म्हणून समजा, जिल्ह्यातल्या कोरीट गावापासून अक्कलकुव्याच्या शेवटच्या गावापर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीला असं एकेक फोल्डर मिळालं. आढावा बैठकीत पॉवर बीआय या सॉफ्टवेअरचा तक्ता भिंतीवर झळकणार: कोणत्या गावाने किती फायली चढवल्या. स्तंभ उंच असेल तर हिरवा, बुटका असेल तर लाल.

'भाऊसाहेब, आपण लाल आहोत,' कोरीट ग्रामपंचायतीचा संगणक सांभाळणारा केंद्रचालक ग्रामपंचायत अधिकाऱ्याला म्हणाला.

'दप्तर तर पूर्ण आहे रे!'

'दप्तर पूर्ण आहे, पण सगळं एकाच पीडीएफमध्ये आहे. ती एकच मोजली जाते.'

केंद्रचालकाचं म्हणणं खरं होतं. पॉवर बीआयला फोल्डरचा पत्ता दिला की ते पोटफोल्डरांसकट आतली प्रत्येक फाईल एकेका ओळीत मांडतं: नाव, प्रकार, कधी बनली, कधी बदलली, कुठे ठेवली. मग ओळी मोजायच्या. चारशे पानांची एक पीडीएफ म्हणजे एक ओळ. चारशे पानांचे चारशे फोटो म्हणजे चारशे ओळी. ग्रामपंचायतीला लेखासंहितेने ३३ नमुने नेमून दिलेत. एकट्या नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची पानं सुटी केली तरी स्तंभ चढू लागतो.

पुढची वाढ तर मेहनतीविना होते. एक्सेलची फाईल नुसती उघडली की तिच्याशेजारी नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह लावलेली एक लपलेली तात्पुरती फाईल जन्मते. गाळणी लावली नसेल तर तीही हजेरीत येते. म्हणजे तक्ता ताजा होण्याच्या घटकेला चार जणांनी चार फायली नुसत्या उघडून ठेवल्या, तरी गावाची प्रगती चारने झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ग्रामसेवकाचं पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं. साहजिकच जुन्या नावाचं फोल्डर राहिलं, नव्या नावाचं आलं आणि आतला मजकूर दोन्हीकडे तोच. शिवाय कुणी 'कोरीट' लिहिलं, कुणी 'कोरिट'. तक्त्यात शेजारी शेजारी दोन गावं वसली. प्रत्येक गावाला केंद्र सरकारच्या निर्देशिकेत स्वतंत्र संकेतांक आहे, तो वापरला असता तर हे टळलं असतं. पण मग स्तंभही एकच राहिला असता.

खरी गंमत रिकाम्या फोल्डरची. ही यादी फायलींची असते, फोल्डरांची नव्हे. ज्या गावाने एकही फाईल टाकली नाही, त्याची ओळच बनत नाही. ते लालही दिसत नाही, दिसतच नाही. बैठकीत बोलणी खातो तो तीन फायली टाकणारा. शून्यवाला मागच्या रांगेत निवांत चहा पितो.

जुन्या कारकुनाला हे सगळं पोरकट वाटेल. त्याचे सहा गठ्ठे असत: कार्यवाहीचे, प्रतीक्षेतले, नियतकालिकांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात धाडायचे आणि शेवटचा 'ड', म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करायचा. गठ्ठा पाहिला की काम कुठे अडलंय ते कळे. २००५ च्या दप्तर दिरंगाईच्या कायद्यानेही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये, असंच सांगितलं. टेबलावर फायली किती असाव्यात, याची उठाठेव केली नाही. सामायिक फोल्डरात 'ड' गठ्ठाच नाही.

आणि नेमकं तेच वर्मावर बसतं. कारण २०२१ पासून केंद्राची कार्यालयं दर ऑक्टोबरात मोहीम काढून किती फायली बाद केल्या, किती चौरस फूट जागा मोकळी झाली, हे अभिमानाने सांगतात. २०२५ च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात राज्याच्या कार्यालयांनीही जुने गठ्ठे उपसले. म्हणजे एका तक्त्यात फायली वाढल्या की प्रगती, दुसऱ्यात घटल्या की प्रगती. अशा वेळी कोरीटने काय करावं?

आपल्या कल्पनेतल्या कार्यालयाने यावर तोडगा काढला. प्रत्येक ग्रामपंचायतीने नको असलेल्या फायलींची यादी करावी. ती एक्सेलमध्ये, सही-शिक्क्याच्या पीडीएफमध्ये आणि फोटोसह, अशा तीन प्रतींत त्याच फोल्डरात चढवावी. केंद्रचालकाने संध्याकाळपर्यंत तिन्ही चढवल्या. यादी 'कोरीट' या फोल्डरातही टाकली आणि 'कोरिट'मध्येही.