रिकाम्या कबरीचे दर्शन

फोर्ट कोचीच्या पायी सहलीत सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची कबर चुकत नाही. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला गेले. म्हणजे कठड्याआड उरली ती जागा, आणि गर्दी त्या जागेचीच. पुढे मट्टनचेरीचा ‘डच पॅलेस’. १५५५ च्या सुमारास तो बांधला पोर्तुगीजांनी, दिला कोचीच्या राजाला. डचांनी नंतर डागडुजी केली. डागडुजीवाल्याच्या नावावर वाडा चढवणारा सातबारा फक्त पर्यटनातच निघतो. थोडक्यात, या सहलींत गाव घडते ते मिरी विकत घ्यायला आलेल्यांमुळे; ती पिकवणारे, वाळवणारे, तोलणारे जणू आयते सापडले.

यावर म्हणतील, दोन तासांत काय काय दाखवणार? जे दगडात उरले तेच दाखवणार! पण गोव्याहून आलेल्या कोंकणी व्यापारी समाजाचे तिरुमल देवस्थान मट्टनचेरीतच उभे आहे. कागदही आहे : अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ दरम्यान छापलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या बारा खंडांमागे इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोंकणी जाणकार होते, तिघांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडातच छापले आहे. तेव्हा पुरावा नाही ही सबब टिकत नाही. वाटाड्याला एवढेच विचारा : गिऱ्हाईक कळले, दुकान कोणाचे होते?