फुकटच्या कॉम्प्युटरचं वीजबिल

घरच्या इंटरनेटसाठी राउटर-फायरवॉल स्वतः बांधायचा असं ज्याच्या मनात येतं, त्याची नजर आधी दुकानाकडे जात नाही, माळ्याकडे जाते. तिथे तांब्याचा बंब आणि गणपतीचं मखर यांच्या मधोमध, जुन्या चादरीत गुंडाळलेला डेस्कटॉप असतोच. भंगारवाला सांगतो तो भाव ऐकून अपमान वाटतो म्हणून तो विकला जात नाही, आणि ‘कधीतरी लागेल’ हे आपलं कुलदैवत असल्यामुळे टाकूनही दिला जात नाही. पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, कॉम्प्युटर फुकट, तेव्हा फायरवॉलही फुकट, असा हिशेब चुटकीसरशी जमतो. माझं म्हणणं असं की सगळ्यांत महाग पर्याय हाच आहे, आणि ते सिद्ध करायला संगणकशास्त्र लागत नाही, वीजबिल पुरतं.

एसी पहाटे कोणीतरी कुडकुडत उठून बंद करतं. फ्रिजचा कॉम्प्रेसरसुद्धा अधूनमधून दम खातो. राउटरला मात्र हात लावायची घरात कोणाची छाती नसते. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे अखंड चालणारा एकेक वॅट वर्षाला पावणेनऊ युनिटं खातो. जुना डेस्कटॉप काही न करता नुसता बसला तरी ६० वॅटच्या आसपास ओढतो. वर्षाची झाली सव्वापाचशे युनिटं. १० वॅटवर चालणारा छोटा डबा ८८ युनिटांत वर्ष काढतो. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पकडले तर फरक वर्षाला चार हजारांच्या वर जातो. शिवाय महावितरणच्या घरगुती बिलात १०१व्या युनिटापासून दर चढतो, आणि हा डेस्कटॉप महिन्याला ४४ युनिटं टाकून शंभरच्या आत राहणाऱ्या काटकसरी घराला अलगद वरच्या टप्प्यात नेऊन ठेवतो. ‘महिन्याला साडेतीनशे म्हणजे काय मोठं?’ असं विचारणारे निघतील. पण बाथरूममधला ९ वॅटचा दिवा राहिला म्हणून घर डोक्यावर घेणाऱ्या गृहस्थाने हा प्रश्न विचारू नये.

दुसरं टोक हौशी लोकांचं. त्यांना आठ कोअर आणि ३२ जीबी रॅम लागते, आणि दारात येणारं कनेक्शन असतं १०० एमबीपीएसचं. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड २००३ साली खुला झाला आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं, तेव्हा त्या निळ्या डब्यातली रॅम एमबीत मोजायची होती. स्वित्झर्लंडच्या पीसी इंजिन्सचा एपीयू२ बोर्ड १ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर कित्येक वर्षं लोकांची घरं सांभाळत होता. पॅकेट इकडून घेऊन तिकडे द्यायला ताकद फारशी लागत नाही. ती लागते व्हीपीएनच्या एन्क्रिप्शनला, आणि सुरिकाटासारखं काहीतरी बसवून प्रत्येक पॅकेटची झडती घ्यायची असेल तर. व्हीपीएन वापरणार असाल तर प्रोसेसरमध्ये एन्क्रिप्शनला हातभार लावणारी एईएस-एनआय ही सोय आहे ना, एवढं बघा. आणि ६४ बिटचा आहे ना तेही बघा, कारण पीएफसेन्सने २०१७ साली २.४ या आवृत्तीपासून ३२ बिटला निरोप दिला. माळ्यावरचे बरेच उमेदवार इथेच गळतात.

खरा घोळ पोर्टांचा असतो. राउटरला दोन लागतात, एक बाहेरचा, एक घरातला. डेस्कटॉपला एकच असतो आणि तो बहुधा रिअलटेकचा. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ज्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात तिचं आणि रिअलटेकचं सासू-सुनेइतकंच जमतं. वरवर सगळं ठीक, आणि ऐन गर्दीच्या वेळी अबोला. म्हणून जाणकार इंटेलचं कार्ड घ्या म्हणतात. त्यातही संशयास्पद स्वस्तात मिळणाऱ्या चार पोर्टांच्या आय३५० कार्डात नकली माल पुष्कळ, तेव्हा एखाद्या जुन्या सर्व्हरमधून काढलेलं बरं. रास्पबेरी पाय स्वस्त म्हणावा, तर त्यालाही पोर्ट एकच. ॲडाप्टर, मेमरी कार्ड, पॉवर सप्लाय, केस असं करत करत आपण थिन क्लायंटच्या किमतीला पोचतो. ऑफिसांतून बाद झालेला, पीसीआयई स्लॉट असलेला थिन क्लायंट (एचपीचा टी६२० प्लस किंवा टी७३०) आणि त्यात इंटेलचं कार्ड, याहून शहाणी खरेदी मला दिसत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली तर असला माल पाहायला मिळतो. इंटेल एन१०० चिपचे चार पोर्टांचे नवे डबे सुबक असतात, पण अनोळखी कंपनीचा बायोस पुढे कोण अपडेट करणार, हे विचारून घ्या.

आता मुख्य आक्षेप. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर असताना हा उपद्व्याप कशाला? आक्षेप खरा आहे. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि राउटर काबीज केले ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून, आणि पासवर्ड बदलायला नवा डबा लागत नाही. ‘आज रात्री तुमची वीज तोडली जाईल’ असा मेसेज वाचून काकांनी ओटीपी सांगून टाकला तर कुठलाच फायरवॉल मध्ये पडत नाही. पण राउटरचे अपडेट कंपनीच्या मर्जीवर सोडायचे नसतील, किंवा स्वस्तातला सीसीटीव्ही कॅमेरा आणि बँकेचं काम होणारा लॅपटॉप वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवायचे असतील, तर खटाटोप सार्थकी लागतो. छोट्या डब्याचा आणखी एक फायदा लोडशेडिंगवाल्या गावांत कळतो: १२ व्होल्टवर चालणारं यंत्र असेल तर ते छोट्याशा मिनी यूपीएसवर तग धरतं, डेस्कटॉपला मोठा यूपीएस किंवा इन्व्हर्टर लागतो.

एक खर्च मात्र मीटरवर दिसत नाही. स्वतः बांधलेल्या राउटरचा मालक हा घरातला कायमचा आरोपी असतो. समुद्रातली केबल तुटली तरी ‘तू काहीतरी केलं असशील’ हेच ऐकावं लागतं. म्हणून कंपनीचा राउटर परत करू नका. नीट चालतो ना ते पाहून कपाटात ठेवा, कुठली वायर कुठे लावायची ते कागदावर लिहून त्याला चिकटवा, आणि पासवर्ड दुसऱ्यालाही लागेल अशा अक्षरात लिहा.