कडी

कतारमधल्या रास लफानला उन्हाळ्यात बाहेर पारा 45 अंशांवर चढलेला असतो आणि तिथल्याच टाक्यांमध्ये उणे 162 अंशांवर द्रव झालेला गॅस निमूटपणे जहाजाची वाट बघत पडलेला असतो. या दोन टोकांच्या मधोमध, सर्व्हरच्या खोलीत, मी कोकणातला माणूस स्वेटर घालून बसतो. काम नेटवर्कचं. पूर्वी साठेक स्विचांमध्ये एकेक करून लॉगिन व्हायचं आणि त्याच चार कमांड द्यायच्या, श्रावणात घरोघर सत्यनारायण सांगणाऱ्या भटजींसारख्या. दहाव्या घरी भटजींचा एखादा अध्याय आटोपशीर होतो. माझं 'राइट मेमरी' राहून जायचं. मग वीज जाऊन आली की तो स्विच शिकवलेलं सारं विसरून निरागस चेहऱ्यानं उठायचा.

आता ही फेरी आपोआप मारणारं अँसिबल आलं आहे. हे नाव मूळचं उर्सुला ले ग्विन यांच्या 1966 च्या कादंबरीतल्या यंत्राचं, ताऱ्यांपल्याड क्षणात निरोप पोचवणाऱ्या. प्लेबुकात आपण फक्त काय असायला हवं ते लिहायचं. ओळीआधीची एक स्पेस चुकली तरी ते मानपान चुकलेल्या व्याह्यासारखं रुसून बसतं. पण एकदा मन राखलं, की रात्री दोनला एकटंच फेरीला निघतं. प्रत्येक स्विचपाशी थांबतं, सेटिंग बघतं. चुकलं असेल तर नीट करतं, नसेल तर हिरव्या अक्षरांत 'ओके' म्हणून पुढे सरकतं. शेवटी हिशेब मांडतं: चेंज्ड, शून्य.

ते शून्य पहिल्यांदा पाहिलं आणि मला आजोबा आठवले. निजानीज झाली की ते कंदील घेऊन निघायचे. पडवी, माजघर, मागीलदार, गोठा. लागलेल्या कडीला नुसतं बोट टेकवायचे. आजी आतून म्हणायची, "अहो, लावल्यात मी सगळ्या." "असू दे," म्हणत ते पुढच्या दाराकडे. त्या फेरीनं घरात काहीच बदलत नसे. मला मात्र शेवटच्या कडीचं खुट्ट ऐकल्याशिवाय झोप येत नसे.

आता त्या घरात आई एकटी असते. इथे आठ वाजले की तिकडे साडेदहा होतात, तेव्हा मी फोन लावतो.

"कडी लावलीस?"

"लावली रे. रोज काय तेच विचारतोस?"

"असू दे," म्हणतो आणि फोन ठेवतो.