दारात थरोब्रेड, मालक गुंठ्यातले!

शिव शिव! पुण्यात अजून काय काय बघावं लागणार आहे, देव जाणे. जमिनीचे पैसे आले की पूर्वी माणूस गळ्यात गोफ घालायचा, दारात स्कॉर्पिओ लावायचा आणि गावभर हॉर्न वाजवत हिंडायचा. आता म्हणे मुळशीच्या फार्महाउसवर घोडा लागतो. तोही लग्नातला नव्हे, थरोब्रेड! खांद्यापाशी ५ फूट ४ इंच, चकाकता कुमैत. शेजाऱ्याच्या पोटात दुखायला आणखी काय हवं?

हे ध्यान येतं कुठून? रेसकोर्सवरून. घोडा २ वर्षांचा झाला की पळायला लागतो आणि ५-६ वर्षांचा झाला की बहुतेकांची नोकरी संपते. आयुष्य मात्र २५ वर्षांचं. म्हणजे चार वर्षं पळणार आणि वीस वर्षं उभ्या उभ्या खाणार! हे गणित विकणाऱ्याला तोंडपाठ असतं, म्हणून तो जनावरासाठी ‘चांगलं घर’ शोधत असतो. आणि घेणाऱ्याला वाटतं, लाखांचा घोडा हजारांत लाटला.

बघण्याचा कार्यक्रम तर ऐकाच. पत्रिका आधी! मुलीच्या लग्नात ‘आम्ही कुळबिळ मानत नाही हो’ म्हणणारे इथे बाप कोण, आईचा बाप कोण, हे बोटांवर मोजतात. खरं तर सगळ्या थरोब्रेडांचा बापाकडचा वंश मागे नेला की बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तिघांवरच येऊन थांबतो. सगळे भाऊबंदच! सोवळं तर विचारूच नका. गोठ्यातल्या जर्सीला इंजेक्शन चालतं, पण थरोब्रेडात कृत्रिम रेतनाचं शिंगरू नोंदवूनच घेत नाहीत. नवरदेव समक्षच हवा. इश्श!

बरं, इतकं करून कुळ पावतं का? अमेरिकेत २००६ साली ‘ग्रीन मंकी’ नावाचं शिंगरू १ कोटी ६० लाख डॉलरला गेलं. तीनदा पळालं, एकदाही जिंकलं नाही. पत्रिका उत्तम होती हो!

आपल्याकडचा विकणारा मात्र ठाम. “एकदम गरीब आहे साहेब, लेकरू बसवा.” घेणारा जाणकार असेल तर तो आधी जबडा उघडून दात बघतो, मग पुढच्या पायाच्या नळीवरून मागच्या बाजूने सावकाश हात उतरवतो. नस गरम किंवा सुजलेली लागली की पुढे न बोलता चपला घालतो. आमचे शेठ काय करतात? गॉगल लावून सेल्फी काढतात, आणि तिथल्या तिथे टोकन देतात.

मग सुरू होते खरी गंमत. रोजची ८-१० किलो वैरण आणि चंदी, खराऱ्याला मोतद्दार, दर महिना-दीड महिन्याला नालबंद. पोटशूळ उठला तर मध्यरात्री डॉक्टर. पुतण्याच्या वरातीत मिरवावा, तर ढोल वाजताच स्वारी उधळली, नवरदेव मांडवाच्या खांबाला! वर्षभरात मोबाइलवर फोटो फिरतो : ‘हौसेचा घोडा, मालकाला वेळ नसल्याने देणे आहे.’ घेणारा कोण? शेजारच्या गावात नुकताच प्लॉट विकलेला.

घोड्यात पैसा नाही असं मात्र म्हणू नका. पूनावालांनी १९४६ साली स्टड फार्म काढला. त्यांचे म्हातारे घोडे सीरमसाठी हाफकिन संस्थेला जायचे. मग सायरस पूनावालांच्या डोक्यात आलं, सीरम आपणच का काढू नये? १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. थकल्या घोड्यातूनही उद्योग काढणारी डोकी अशी असतात.

आमच्या शेठनीही घोड्यापासून उत्पन्न काढलंय बरं का. लीद झेंडूला घालतात. यंदा दसऱ्याला फुलं काय टपोरी आली होती म्हणता!